चुंबक धरलं नाही म्हणून

ताई : तारीख आजची टाकू नका, मिस्त्री. तुम्ही पहिल्यांदा बघितलंत त्या दिवसाची टाका.

मिस्त्री : तो दिवस आता कुठून आठवू? आठ महिने झाले. आणि खरं सांगू का ताई, लोक माझ्याकडे चेपलेली गाडी घेऊन येतात आणि सरळ करून घेऊन जातात. दाखला मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या. माझं अक्षर बघाल तर म्हणाल, मुंगी शाईत पडली आणि जीव वाचवत कागदावरून पळाली.

ताई : चालेल. बावीस वर्षं शाळेत पेपर तपासतेय, मला मुंग्या वाचता येतात. दोनच ओळी लिहायच्यात. या गाडीचं बोनेट पुट्टीने भरलेलं आहे. गाडी समोरून जोरात आपटलेली आहे. खाली तुमची सही. तुम्ही मला तोंडाने सांगितलंत तेच कागदावर हवंय, एक अक्षर जास्त नको.

मिस्त्री : आणि हा कागद दाखवायचा कोणाला?

ताई : मामाला. उद्या येतोय. मी, दादा आणि मधे मामा असे बसणार, आणि आई यापुढे कायमची कोणाकडे राहणार ते ठरणार. मी नुसतं बोलले तर मामा म्हणेल, तुझा स्वभावच संशयी, तू लहानपणी दूधसुद्धा वास घेऊन प्यायचीस. कागद असला की त्याला बोलता येणार नाही.

मिस्त्री : गाडीच्या बोनेटचा आणि आईने कुठे राहायचं याचा काय संबंध, ते जरा नीट सांगा. सही माझी जाणार आहे.

ताई : मागे सांगितलं होतं तुम्हाला.

मिस्त्री : मागे तुम्ही इतक्या रागात होतात की मला निम्मं कळलं आणि निम्मं मी कळल्यासारखं केलं.

ताई : बरं. आई दादाकडे राहायची. मागच्या वर्षी एका संध्याकाळी दादाचा फोन आला, आई जिन्यावरून पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी याने ही गाडी माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाला, आईला व्यायामासाठी न्यावं-आणावं लागेल, तुला दुपारनंतर वेळ असतो, गाडी तुझ्याकडेच राहू दे, मी बसने जाईन. मी म्हटलं, हा इतका उदार कधीपासून झाला? लहानपणी याने मला सायकलची घंटी वाजवू दिली नव्हती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मागच्या दाराला ओरखडा गेला म्हणून मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही ते चुंबक फिरवलंत.

मिस्त्री : ती सवय आहे माझी. गाडी कुठल्याही कामाला येवो, आधी चुंबक. फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगाला लागत नाही, आणि हळूहळू सगळ्या अंगावरून न्यायचं. रंगाखाली पत्रा असला की धरतं, पुट्टी असली की सोडतं. पस्तीस वर्षांत किती गाड्यांची लबाडी या चुंबकाने उघडी पाडली असेल, मोजदाद नाही. तुमच्या दारांना धरलं, टपाला धरलं, डिकीला धरलं. बोनेटवर ठेवलं आणि जे घसरलं ते थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं, एक जागा धरेना. मी म्हटलं, बाई, ही गाडी समोरून चांगलीच फुटलेली आहे आणि कोणीतरी वरून थर चढवून सगळं झाकलंय.

ताई : मी तिथेच उभी होते, त्या खांबापाशी. आणि मला सगळं लख्ख दिसलं. आई गाडीत होती. दादा चालवत होता. कुठेतरी आदळला, आईचा खुबा मोडला, आणि घरी येऊन यांनी जिन्याची गोष्ट रचली. गाडी गुपचूप नीट करून घेतली आणि माझ्या गळ्यात मारली. म्हणजे पुरावा घराबाहेर आणि वर उपकार.

मिस्त्री : सुतावरून स्वर्ग गाठलात.

ताई : सूत तुम्ही दिलंत.

मिस्त्री : दिलं खरं. आई काय म्हणते?

ताई : आई म्हणते, जिन्यावरूनच पडले. पण ती त्याला नेहमी पाठीशी घालते. परीक्षेच्या वर्गात मी पहारा देते ना, शेजाऱ्याला वाचवणारी मुलं उत्तर फार पटकन देतात. आईने फार पटकन उत्तर दिलं.

मिस्त्री : आणि भाऊ?

ताई : आधी हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, चूक माझीच आहे. झालं की कबूल.

मिस्त्री : कसली चूक, ते विचारलंत का?

ताई : म्हणे, जिन्यातला दिवा आठ दिवस गेलेला होता, आई रोज सांगत होती आणि त्याने बदलला नाही. बघा, किती तपशील. खोटं बोलणारा तपशील फार देतो.

मिस्त्री : खरं बोलणाराही देतो हो कधीकधी.

ताई : तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

मिस्त्री : मी पत्र्याच्या बाजूने आहे. माणसं काहीही सांगतात, पत्रा सांगतो तेच खरं. पुढे काय झालं?

ताई : पुढे काय व्हायचं? त्याच संध्याकाळी आईला माझ्याकडे आणलं. तेव्हापासून दादा आलेला नाही. आईलाच तो नकोय. आणि आता हे नवीन बघा. इकडे या, डाव्या कडेला. हे खड्डे.

मिस्त्री : पोचे आलेत की हो. पाच... सहा. मागच्या वेळी नव्हते हे.

ताई : नव्हतेच. गाडी माझ्या फाटकाच्या आत उभी असते. आज सुट्टी आहे, एरवी सकाळी मी चालत शाळेत जाते, दुपारपर्यंत घरी आई एकटीच. तेवढ्यात कोणीतरी येऊन बोनेटवर बुक्क्या मारून जातंय. कोण ते सांगायची गरज नाही. हेही कागदात घाला.

मिस्त्री : या पत्र्याला बुक्की कशाला हवी? याच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं तरी पोचा पडेल. आम्ही शिकलो त्या काळच्या गाड्या म्हणजे, ताई, हातोडी मारली तर हातोडी माफी मागून परत यायची. एक पत्रा सरळ करायला दोन दिवस आणि दोन्ही खांदे जायचे. आता कंपन्यांनी पत्रा इतका पातळ केलाय की धुताना फडकं जोरात दाबलं तरी मला भीती वाटते. गाडी विकतात की रंगवलेला पुठ्ठा, देव जाणे.

ताई : म्हणून तर तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही कंपनीवरसुद्धा संशय घेता. लिहा.

मिस्त्री : लिहितो. पेन कुठे गेलं... अगं ए, तुझ्या खिशातलं पेन दे जरा. ताई, ही माझी लेक. ही हातोडीला हात लावत नाही. लांब सळ्या आतून घालते आणि पोचा हळूच वर ढकलते, रंगसुद्धा निघत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली. हल्ली गिऱ्हाईक मला विचारतं, मॅडम आहेत का?

लेक : पेन घ्या. काय लिहिताय बाबा? तुम्ही तर माझ्या लग्नाची यादीही मला लिहायला लावली होती.

मिस्त्री : दाखला. बोनेट पुट्टीने भरलेलं आहे म्हणून.

लेक : कुठलं बोनेट?

मिस्त्री : हे समोर उभं आहे ते.

लेक : हे? या गाडीचं?

ताई : काय झालं? अशी का बघतेस?

लेक : काही नाही. बाबा, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

मिस्त्री : मला कोण सांगणार? चुंबकाने. एक जागा धरत नाही.

लेक : नाहीच धरणार.

मिस्त्री : मग तेच म्हणतोय ना मी.

लेक : तुम्ही ते म्हणत नाही आहात, बाबा. दोन मिनिटं थांबा, माझं मीटर आणते. ताई, सही झालेली नाही ना अजून?

ताई : एक मिनिट. ही अचानक कशी आली मधे? मिस्त्री, खरं सांगा, माझा भाऊ इथे येऊन गेलाय का? हिला काही सांगून गेलाय?

लेक : मी तुमच्या भावाला ओळखत नाही, ताई. तुम्हालाही आजच बघतेय. हे बघा, हे मीटर. रंगावर टेकवलं की रंग आणि त्याखालचा थर मिळून किती जाड ते आकड्यात दाखवतं. आधी तुमच्या दारावर टेकवते. वाचा तुम्हीच.

ताई : एकशे अठरा.

लेक : हा नुसता रंग, कंपनीतून आला तसा. पुट्टी असती तर आकडा हजाराच्या घरात गेला असता. आता बोनेट. इथे?

ताई : एकशे बारा.

लेक : मधे?

ताई : एकशे पंधरा. कडेला टेकव. नाही, त्या कडेला. तू तुझ्या सोयीच्या जागा निवडतेयस. माझ्याकडे दे ते... एकशे दहा. एकशे चौदा. मिस्त्री, हे काय आहे?

मिस्त्री : यंत्र आहे. यंत्र बिघडतं. बॅटरी उतरली असेल.

लेक : आत्ताच दारावर बरोबर चाललं, बाबा.

मिस्त्री : दारावर बरोबर चाललं म्हणून बोनेटवर चालेल कशावरून? पस्तीस वर्षं माझं चुंबक खोटं बोललं नाही आणि तुझं मीटर आणून वर्ष झालं नाही.

लेक : बरं, मीटर ठेवलं बाजूला. तुमच्याच चुंबकाने बघू. बोनेट वर करते. आता आतल्या बाजूने लावा.

मिस्त्री : आतून कशाला?

लेक : पुट्टी बाहेरून भरतात ना? पोचा बाहेरून दिसतो म्हणून भरायचा. आतून कोणी कधी भरलेली बघितलीत? आत उघडा पत्रा असणार. लावा चुंबक.

मिस्त्री : लावलं.

लेक : धरलं?

मिस्त्री : नाही.

लेक : त्या आडव्या पट्टीला लावा. बिजागरीच्या जवळ. कुठेही लावा.

ताई : काय चाललंय? मला कोणी सांगणार आहे का? धरत नाही म्हणजे आतूनही पुट्टी भरलीय?

लेक : नाही, ताई. हे लोखंडच नाही. ॲल्युमिनियम आहे. स्वयंपाकघरातल्या साध्या पातेल्यासारखं. पातेल्याला चुंबक लावून बघा, धरतं का? गाडी हलकी व्हावी म्हणून काही गाड्यांची बोनेटं आता याची करतात, बाकी गाडी लोखंडाची. वर करून बघा, एका बोटाने उचललं जातं.

ताई : मग बदललं असेल. फुटलेलं काढून नवीन बसवलं असेल.

लेक : तेही बघू, तुमच्या मनात राहायला नको. हे बोल्ट बघा. बोनेट काढायचं तर याला पाना लागतो, आणि पाना लागला की कडेचा रंग उडतो. उडालाय का? वाकून बघा, हा दिवा घ्या. आणि ही कडेची शिवण, कंपनीत यंत्राने भरलेली, एकसारखी. समोरची चौकट सरळ आहे, दिव्यांच्या खुंट्या जुन्याच आहेत. ही गाडी कधीच समोरून आपटलेली नाही. एकदाही नाही.

ताई : मिस्त्री.

मिस्त्री : ऐकतोय.

ताई : ही म्हणते ते खरं आहे का?

मिस्त्री : मला एकदा खाली बसू द्या.

ताई : हो की नाही तेवढं सांगा.

मिस्त्री : खरं आहे. आतून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पस्तीस वर्षांत कधी गरज पडली नव्हती. चुंबक सुटलं की पुट्टी, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं आणि मी पुढे दहा जणांना शिकवलं.

लेक : मी मागच्या वर्षी सांगितलं होतं, बाबा. शिकून आले तेव्हाच. हल्ली सगळा पत्रा लोखंडाचा नसतो म्हणून.

मिस्त्री : सांगितलं होतंस. मी म्हणालो, मला शिकवू नकोस.

ताई : तुम्ही माझ्यासमोर उभं राहून सांगितलंत. इतक्या खात्रीने सांगितलंत की मी पुढे एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी, जी पोरांच्या चपलांचे तळवेसुद्धा उलटे करून तपासते.

मिस्त्री : माझी चूक आहे, ताई. आणि अजून एक सांगायचंय. आत्ता नाही सांगितलं तर पुन्हा सांगायची हिंमत होणार नाही.

ताई : अजून काय?

मिस्त्री : तुमचा भाऊ आला होता इथे.

ताई : म्हणजे मी म्हणाले ते बरोबर होतं. कधी?

मिस्त्री : तुम्ही येऊन गेलात त्यानंतर महिन्याभराने. ही तेव्हा बाहेरच्या कामावर होती, हिला माहीत नाही. उंच, जरा वाकून चालणारा माणूस. गाडी नव्हती बरोबर. त्या दरवाजात उभा राहिला, आत येऊ का म्हणून विचारलं. म्हणाला, मिस्त्री, माझ्या बहिणीची गाडी परत एकदा बघाल का? गाडी कधी कशाला आपटलेली नाही, मी शपथेवर सांगतो. मी म्हणालो, शपथा नका घालू, चुंबकाला शपथा कळत नाहीत.

लेक : बाबा.

मिस्त्री : म्हणालो खरं. तो भांडला नाही. म्हणाला, तुम्ही एवढं बोललात म्हणून माझी आई माझं तोंड बघायला तयार नाही. एकदा परत बघा, आणि पुट्टीच निघाली तर मी पुन्हा येणार नाही. मी म्हणालो, गाडी आणा, बघतो. मला माहीत होतं की गाडी तुमच्याकडे आहे आणि तुम्ही त्याला देणार नाही. मग थँक्यू म्हणून गेला. कशाबद्दल म्हणाला, मला कळलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण सकाळी पुन्हा वाटलं की पस्तीस वर्षं आहेत माझ्या बाजूने.

ताई : आई तोंड बघायला तयार नाही, असं म्हणाला?

मिस्त्री : असंच म्हणाला. तुम्हीही मघाशी तेच म्हणालात.

ताई : हो. म्हणाले मी.

लेक : ताई, पाणी देऊ का?

ताई : नको. थांबा. बोनेट पुट्टीचं नाही, ठीक आहे. पण मग हे पोचे? हे तर कोणीतरी मारलेत ना? स्वतः निर्दोष असता तर रागाने येऊन माझ्या गाडीवर बुक्क्या कशाला मारल्या असत्या? हे त्यानेच केलंय. एवढं तरी त्यानेच केलंय.

लेक : बोनेट खाली घेते. बाबा, तो पट्ट्यांचा दिवा धरा या बाजूला. ताई, इथून बघा. दिव्याच्या सरळ रेघा रंगात दिसतात. जिथे पोचा आहे तिथे रेघ वाकते. बुक्की मारली असती तर रेघ एकदम तुटल्यासारखी झाली असती, मधे खोल आणि कडेला उंचवटा. ही बघा कशी सावकाश वाकलीय. हा मार नाहीये.

ताई : मग काय आहे?

लेक : भार. कोणीतरी तळहात टेकवून हळूहळू भार दिलाय. हे ॲल्युमिनियम पातळ आहे, आणि खालच्या दोन पट्ट्यांच्या मधे पोकळ जागा आहे. तिथे रोज भार पडला तर दबून बसतं. बाबा, तुमचा हात फिरवा. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

मिस्त्री : माझ्या हाताला आज काय कळणार?

लेक : फिरवा हो.

मिस्त्री : ... बरोबर आहे हिचं. मनगटाजवळचा भाग टेकलाय. सगळे पोचे हातभर जागेत आहेत, एकमेकांना चिकटून. रागाने मारणारा माणूस जागा बघून मारत नाही, ताई, आणि रोज त्याच जागी येऊन तर मारत नाहीच. हे काम सोशिक माणसाचं आहे. ज्याला धड उभं राहता येत नाही आणि तरी उभं राहायचंय, अशा माणसाचं. तुमची गाडी फाटकाशी कशी उभी असते?

ताई : तोंड फाटकाकडे.

मिस्त्री : आणि ही डावी बाजू?

ताई : घराच्या पायऱ्यांकडे. पायऱ्या उतरलं की लगेच ही कड येते.

मिस्त्री : इथे हात टेकून उभं राहिलं तर काय दिसतं?

ताई : रस्ता. बस थांबते ते वळण दिसतं. दुसरं काही दिसत नाही तिथून.

लेक : आईंना काठीशिवाय उभं राहता येतं का?

ताई : डॉक्टरांनी सांगितलंय, पायऱ्या उतरायच्या नाहीत. मी रोज जाताना बजावते, आई, पायऱ्या उतरायच्या नाहीत. ती म्हणते, नाही गं उतरत. फार पटकन म्हणते.

मिस्त्री : बस किती वाजता येते तिकडची?

ताई : अकराला एक. मग पाऊणला. गाडी माझ्याकडे ठेवल्यावर दादा यायचा तेव्हा पाऊणच्या बसने यायचा. मी घरी येते तेव्हा ती खुर्चीत बसलेली असते. पदराने हात पुसत असते. मी एकदा विचारलं, हाताला धूळ कसली? म्हणाली, खिडकी पुसली.

मिस्त्री : आता मी जरा जास्त बोलतोय, माफ करा. नको असलेल्या माणसाची कोणी अशी वाट बघतं का?

ताई : ती रोज विचारायची. पहिले दोन महिने रोज. तो का येत नाही? मी सांगायचे, त्याला वेळ नाही. मग तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. मी तिला वाचवत होते हो. खरंच मला तसंच वाटत होतं. माझी आई, आणि तिचा खुबा मोडून वर तिच्याकडून खोटं वदवून घेणारा माणूस. मी त्याला आत कशी येऊ देणार होते?

लेक : कोणालाही तसंच वाटलं असतं, ताई.

ताई : कोणालाही नाही. तू नसतीस आलीस तर उद्या मी हा कागद मामाच्या हातात ठेवला असता. मामाने चष्मा लावून वाचला असता आणि आई कायमची माझ्याकडे ठरली असती. दादा तेव्हाही काही बोलला नसता. दिवा बदलला नाही म्हणून तो स्वतःलाच गुन्हेगार समजतो. त्याला भांडता कधी आलंच नाही.

मिस्त्री : हा कागद मी फाडतोय, बघा. आणि दुसरा लिहून देतो. गाडी शाबूत आहे, चुंबक लावणारा चुकला. त्याच्याखाली सही करतो, तारीख आजची टाकतो. मामांसमोर यायला सांगितलंत तर येईन. तुमच्या भावाच्या घरीही येईन. तो दरवाजात उभा राहिला तसा उभा राहीन.

ताई : कागद नको आता. कागदाने काय होणार?

मिस्त्री : मग फोन लावा, मी बोलतो त्याच्याशी. चूक माझी आहे.

ताई : तुमची चूक बोनेटपुरती आहे, मिस्त्री. पुढची माझी आहे. ती तुम्हाला सांगता येणार नाही.

लेक : आम्ही आत जाऊ का?

ताई : नका जाऊ. थांबा इथेच. एकटी असले तर मी ठेवून देईन.

(फोन लावते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

ताई : दादा? ... मी बोलतेय. ... नाही, नाही, आई बरी आहे. काही झालेलं नाही. ... चालते आता. काठी घेते. फाटकापर्यंत येते. ... हो, पाय दुखतो अधूनमधून, पण चालते. ... उद्याचं मला माहीत आहे. मामाला मी नको म्हणून कळवते. ते बसायचंच नाही आपल्याला. ... ऐक ना. मी मिस्त्रीकडे उभी आहे. गाडी आपटलेली नव्हती. आज कळलं. ... हो. ... हो, तू म्हणाला होतास. ... तू आज येशील का? पाऊणच्या बसने. ... अरे, ती नको म्हणणार नाही. ... नाही, तुला बघून तिला त्रास होणार नाही. ... दादा, ऐक माझं. ती कधीच नको म्हणाली नव्हती. एकदाही नाही. ते मी सांगितलं होतं तुला.